सांतो सरांच्या हातातली मेणबत्ती

मेणबत्ती कुणी दिली यावरून नंतर घरात दोन तट पडले, पण ती दिली जाताना जेसामिनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या लेकीच्या, अमिहानच्या टाळूवर पाणी पडलं, अमिहान किंचाळली, फादरनी निनोंग-निनांग मंडळींना पुढे बोलावलं आणि त्या गडबडीत नानाय पासिंगनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, पर्समधून एक जास्तीची मेणबत्ती काढली. शेजारच्याच्या ज्योतीवर ती पेटवली आणि गिटार भिंतीला टेकवून नुकत्याच उभ्या राहिलेल्या गायकाच्या हातात कोंबली.

गायकाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे कुणी आहे का तेही पाहिलं. पण वेदीसमोर पेटलेली मेणबत्ती माणूस परत कशी करणार? तो ती धरून उभा राहिला आणि संपलं. बारशाला ज्याच्या हातात मेणबत्ती तो निनोंग, बाळाचा मानलेला बाप, आई-बापाचा जन्माचा सोयरा. अमिहानला असे मानलेले आई-बाप आधीच दीड डझन होते. त्यात एकाची भर पडल्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

पण जेसामिन गायकाकडे बघतच नव्हती. बाळ झाल्यापासून तिची नजर अशी झाली होती की कुठे काय सांडणार, कोण काय पाडणार, हे तिला आधी दिसायचं. तिला तिची थोरली नणंद दिसली. मनांग एडितच्या हातातली मेणबत्ती तिरकी झाली होती, मेण ठिबकत थेट तिच्या नव्या सँडलवर पडत होतं आणि मनांगला पत्ता नव्हता. ती त्या गायकाकडे बघत होती. भूत बघावं तशी.

“नानाय, तो माणूस कोण?” व्हॅनमध्ये बसल्यावर जेसामिनने विचारलं.

“बघशील,” नानाय म्हणाल्या. गावाहून, इलोइलोहून, या आखाती शहरात व्हिजिट व्हिसावर आल्यापासून इतक्या खुशीत त्या पहिल्यांदाच दिसत होत्या. “येतोय तो पार्कात.”

“येतोय म्हणजे काय, आणतोय!” पुढून रोडेलियो ओरडला. तिच्या नवऱ्याचा, तोतोचा, हा चुलतभाऊ व्हॅन चालवायचा, घरातल्या प्रत्येक समारंभाचा माइकही त्याच्याच हातात असायचा. “त्याची गिटार डिकीत टाकलीय मी. गिटार आली की माणूस येतोच. मागच्या टॅक्सीत बसलाय बघ.”

जेसामिनने नवऱ्याकडे पाहिलं. तोतोने खांदे उडवले. आई आणि बहीण यांच्यामधल्या कुठल्याही गोष्टीत तो खांदेच उडवायचा.

शेवटी गिंगगिंगला राहवलं नाही. ती रोडेलियोची बहीण. रिग्गा वस्तीतल्या फ्लॅटमध्ये मनांगच्या आणि तिच्या खाटेमध्ये एक प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेवढंच.

“अगं, तो मनांगचा आहे!”

“मनांगचा कोण?”

“आता कोण म्हणजे काय! दर शनिवारी, तास तासभर फोन. आधी रडते, मग हसते, मग नाक शिंकरते. हे प्रेम नाही तर काय, सर्दी?”

“आणि तोच हा, हे तुला कसं कळलं?”

“आवाजावरून. एकदा तिचा इयरफोन बिघडला होता. मी काही कान लावून बसले नव्हते, पण प्लायवूड ते प्लायवूड. तो काय विचारतो माहितीय?” गिंगगिंगने छातीवर हात ठेवून आवाज जाड केला. “‘हं… आणि तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ मला सांग, कुठला पुरुष बाईला असं विचारतो? माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या नवऱ्याने मला अजून ‘जेवलीस का’ विचारलं नाही! मग रविवारी चर्चमध्ये हाच माइकवर सूचना वाचत होता. मी लगेच नानायना फोन लावला.”

व्हॅन हसून हसून डोलायला लागली. जेसामिनही हसली. पण असं कोण विचारतं हे तिला माहीत होतं. कॉलेजात मानसशास्त्राचा एक पेपर तिने दिला होता, आणि बाळंतपणानंतर रात्ररात्र झोप लागत नव्हती तेव्हा चर्चच्या जिन्यात लावलेलं एक पत्रक तिने पुन्हा पुन्हा वाचलं होतं. ‘बोला, आम्ही ऐकतो. आपल्या भाषेत. विनामूल्य.’ खाली सल्लागारांचे फोटो होते. तिने फोन कधी केला नाही. पण कडेचा तो चष्मेवाल्याचा फोटो तिला आठवत होता, तोच हा गायक.

मनांग व्हॅनमध्ये नव्हती. मी कोंबड्या घेऊन पुढे जाते, म्हणाली होती. ती कायम काहीतरी घेऊन पुढेच जायची.

*

मनांग एडित शेगडीवर इनासाल, निखाऱ्यावरची कोंबडी, उलटत होती. जानेवारीतलं गोड ऊन, समोर ममझार किनाऱ्याचं पाणी, चटयांवर सगळं गाव जमलेलं. गवती चहाचा आणि जळत्या चरबीचा वास सुटला होता. धुराचा फायदा असा की डोळे पुसले तरी कुणी विचारत नाही.

“मदत करू का?” मागून आवाज आला.

फोनमधला तो माणूस, सांतो सर, हातात पंखा घेऊन शेजारी उभा होता. इतके महिने तिने त्याला फक्त खांद्यापर्यंत पाहिलं होतं. तो इतका उंच असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि त्याच्या पायात मोजे दोन रंगांचे होते. हे बघून तिला एकदम हसूच फुटलं.

“मी मुद्दाम संध्याकाळच्या मिसाच्या प्रार्थनेला जाते, सर. तुम्ही सकाळी गाता म्हणून.”

“मला वाटलंच होतं.” तो निखाऱ्यांना वारा घालत राहिला. “मॅम एडित, मला खरंच ठाऊक नव्हतं हे तुमचं घर आहे. त्या आजींनी मेणबत्ती हातात दिली…”

“ती माझी आई.”

“असं होय.” त्याने पंखा थांबवला. मग म्हणाला, “तुमच्या आईबद्दल तुम्ही सांगितलं होतं तेव्हा मी त्यांना जरा थोराड समजत होतो.”

“बुटकीच आहे. पण आवाज थोराड आहे.”

दोघं हसले. मग तो हसायचा थांबला आणि तिला कळलं आता काय येणार.

“मी तुमच्या भाचीचा निनोंग राहिलो तर मी घरचा झालो. नाताळला येणार, वाढदिवसाला येणार, तुमचा भाऊ मला सोयरा म्हणणार. मग तुमचं ऐकायला बाहेरचं कुणी उरत नाही. आपला शनिवारचा तास मला बंद करावा लागेल. एक ताई आहेत आमच्याकडे, फार चांगल्या…”

“इलोइलोच्या?”

“मनिलाच्या.”

“मला मनिलाच्या भाषेत, टागालोगमध्ये, रडता येत नाही, सर.” तिने कोंबडी उलटली. “टागालोगमध्ये मी फक्त भाव करते आणि भांडते.”

तोही तिच्याच भाषेचा, शेजारच्या गिमारास बेटाचा होता. त्यालाही टागालोगमध्ये रडता येत नसावं.

“आणि मेणबत्ती परत केली तर?” त्याने विचारलं.

“निनोंग व्हायला नाही म्हटलं तर बाळाला भोवतं म्हणतात.”

“माझी आईपण हेच म्हणते.”

“मग?”

“मग काय सांगायचं आणि काय नाही, ते सगळं तुमच्या हातात आहे. तुम्हाला मी ओळखतो हेसुद्धा माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही.”

“ते दिसलंच. मघाशी नानायनी विचारलं, एडितला कधीपासून ओळखतोस, तर तुम्ही लुंपियाकडे बघून ‘खुसखुशीत आहे’ म्हणालात.”

तिला पुन्हा हसू आलं. सलूनमध्ये दिवसभर बायकांचे पाय मांडीवर घेऊन ती त्यांची दुखणी ऐकायची. सवती, सासवा, न येणारे मुलगे. तिचं ऐकणारा या अख्ख्या शहरात हा एकच माणूस होता, आणि तिच्या आईने त्यालाच मेणबत्ती दिली होती.

*

नानाय पासिंगना मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. शेगडीपाशी दोघं उभी, तो वारा घालतोय, ती हसतेय. एडित हसतेय! आल्यापासून त्यांनी पोरीला एकदाही बसून जेवताना पाहिलं नव्हतं. उभ्याने, ओट्याशी, दुसऱ्यांच्या ताटातलं उरलेलं. भावाला तिने आणलं, गिंगगिंगला आणलं, रोडेलियोला लायसन्स काढून दिलं. सगळ्यांना हात धरून आणणाऱ्या पोरीचा हात कोण धरणार, या काळजीने त्यांना विमानातही झोप लागली नव्हती. आता देवाने माणूस दिलाय तर पोरगी लाजतेय. या वयात! नानायनी रोडेलियोला डोळ्याने खूण केली.

रोडेलियोने माइक फुंकला. ‘घेऊन या’चा खेळ रंगात आला होता.

“घेऊन या… लाल चप्पल!” पोरं सैरावैरा धावली. “घेऊन या… डोक्यावर एकही केस नसलेला माणूस!” शेजारच्या चटईवरच्या एका अनोळखी गृहस्थाला चार जणांनी उचलून आणलं, आणि त्या गृहस्थाने बक्षीस म्हणून बिस्किटाचा पुडाही घेतला. “आता शेवटचं, सगळ्यात मोठं बक्षीस! घेऊन या… मनांग एडितचा नवरदेव!”

गिंगगिंग आधीच निम्म्या वाटेवर होती. तिने सांतोच्या हातातला पंखा हिसकावला, दंडाला धरलं आणि त्याला मधोमध आणून उभं केलं. टाळ्या, शिट्ट्या. शेजारच्या चटयाही टाळ्या वाजवू लागल्या, कशासाठी ते न कळता.

नानाय उठल्या. लुगड्यासारखी गुंडाळलेली शाल सावरली.

“बस, बाळा. लाजू नकोस. काय काम करतोस?”

“नानाय, मी… लोकांशी बोलतो.”

“विमा विकतोस?”

“नाही, नाही. म्हणजे मी ऐकतो जास्त.”

“ऐकण्याचा पगार मिळतो?”

“मिळतो. शनिवारी मात्र फुकट ऐकतो.”

नानायनी विजयाने चटईभर नजर फिरवली. शनिवार! “शनिवारी कुणाचं ऐकतोस?”

“ते मला सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही म्हणजे? बाई आहे ना?”

सांतोच्या कपाळावर घाम आला. खोटं बोलता येईना, खरं सांगता येईना. “बायका असतात,” तो म्हणाला.

“असतात?” नानायचा आवाज चढला. “किती?”

“तशा… बऱ्याच.”

गिंगगिंगने छातीवर क्रूस काढला.

“दर शनिवारी बऱ्याच बायका?”

“पुरुषही असतात,” सांतो घाईने म्हणाला, आणि रोडेलियोच्या हातातून माइक पडला.

तो जो खरखराट झाला, तो थांबेपर्यंत मनांग एडित चिमटा हातात घेऊन मधोमध येऊन उभी होती. चिमट्यातून कोंबडीचं तेल गळत होतं.

“नानाय, पुरे. हा माझा कुणी नाही. म्हणजे आहे. डॉक्टर आहे. मनाचा.”

“कुणाच्या मनाचा?”

“माझ्या.”

नानाय बघतच राहिल्या. त्यांच्या गल्लीत एक बाई होती, रस्त्यावरून जाणाऱ्यांना आपली मुलं समजून हाका मारायची. तिला दोरीने बांधून ठेवायचे. दुसरं काही त्यांना आठवेना. “डोकं बिघडलं तुझं?” त्या हळूच म्हणाल्या. “कामावर कळलं तर? तुला परत पाठवतील.”

“मालकीणबाईंनीच नंबर दिला. मी एका गिऱ्हाइकाच्या पावलावर रडले होते.”

“पावलावर?”

“माझ्या बापाच्या, तातयच्या मातीच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नव्हती, नानाय. फोन नेलपॉलिशच्या बाटल्यांना टेकवून ठेवला होता. तुम्ही पेटी खाली सोडत होता आणि मी एका बाईची नखं गुलाबी करत होते. दहाही केली. सुबक केली. बाईने बक्षिसीही दिली.” मनांगने चिमटा दुसऱ्या हातात घेतला. “मग वर्षभर काहीच झालं नाही. आणि एक दिवस तोच गुलाबी रंग उघडला, आणि मला थांबताच येईना.”

तोतोने खांदे उडवले नाहीत. तो जमिनीकडे बघत होता. फोन त्याने धरला होता त्या दिवशी, कबरीपाशी. मनांग दिसतेय का, असं सगळ्यांनी विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, दिसतेय, शांत आहे.

नानाय सांतोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं त्याच्या शर्टाच्या खिशापर्यंत पोचत होतं.

“माझ्याबद्दल काय सांगितलंय हिने?”

“नानाय, ते मी…”

“सांगू नकोस. नुसती मान हलव. वाईट आहे?”

सांतोने मान ताठ धरली. इतकी ताठ की शीर उभी राहिली.

“बघा, बघा, घाबरला! म्हणजे वाईटच आहे!”

“नानाय!” मनांग ओरडली, आणि मग तिचं तिलाच हसू आवरेना. गिंगगिंग फिसकन हसली, तोतो हसला, आणि ज्या गृहस्थाला टकलासाठी आणलं होतं तोही बिस्किट खाता खाता हसत सुटला.

*

जेसामिन हसली नाही. पुढचं तिला आधीच दिसत होतं.

“पण हे निनोंग राहिले तर मला त्यांच्याशी बोलता येणार नाही,” मनांग म्हणाली. “दोन्ही चालत नाही. मेणबत्ती परत घ्यावी लागेल.”

“परत?” नानायचं हसू विरलं. “बाळाच्या जिवावर? अगं, वेदीसमोर धरलीय त्याने. निनोंगपण मोडलं तर पोर अंग धरत नाही. पोतोतान गावच्या त्या कुटुंबात काय झालं आठवतंय ना?”

सगळ्यांनी जेसामिनकडे पाहिलं. बाळ तिचं होतं. सोडवायचं तर तिनेच.

जेसामिन शिकलेली होती. पदवीच्या टोपीतला तिचा फोटो गावी दिवाणखान्यात लावलेला होता. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. आणि तरी रात्री उठून ती अमिहानच्या नाकाखाली बोट धरायची. ताप शोधायची, सापडला नाही तर पुन्हा शोधायची. आतासुद्धा तिचा तळवा आपोआप बाळाच्या कपाळावर गेला. कोमट. ऊन असेल. की नसेल?

“इंदाय, पोरी,” मनांग जेसामिनला हलक्या आवाजात म्हणाली, “राहू दे. मी मनिलाच्या बाईंकडे जाईन. बोलेन काहीतरी.”

आणि तिने हसून दाखवलं. तेच हसू, सगळ्यांना विमानतळावर घ्यायला येतानाचं. तातयच्या वेळीही हेच असणार त्या फोनमध्ये. शांत आहे, म्हणाला होता तोतो.

“सर, ती मेणबत्ती द्या इकडे,” जेसामिन म्हणाली.

सांतोने गिटारच्या पेटीतून अर्धी जळलेली मेणबत्ती काढली. ती घेताना वितळून थिजलेल्या मेणाची पापडी तुटून गवतावर पडली.

“माझ्या मुलीला निनोंग कमी नाहीत,” ती म्हणाली. “आत्या एकच आहे.”

बरोबर त्याच क्षणी अमिहान शिंकली.

नानायनी कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर हात लावला. गिंगगिंगने डोळे मिटले.

“धूर,” जेसामिन मोठ्याने म्हणाली. गरजेपेक्षा फारच मोठ्याने. “कोंबडीचा धूर आहे. रोडेलियो, ही मेणबत्ती तू धर. हातातून सुटली तर पाडली म्हणतात, दुसऱ्याने झेलली तर नाही.”

“असं कुठे लिहिलंय?”

“मी सांगतेय. मी आई आहे.”

रोडेलियोने मेणबत्ती घेतली. “पण माझ्याकडे माझी आहेच की. दोन मेणबत्त्या म्हणजे नाताळला दोन भेटी द्यायच्या?”

“दोन,” नानाय म्हणाल्या. त्यांना पळवाट आवडली होती. “आणि वाढदिवसाला पण दोन.”

सांतोने गिटार खांद्याला अडकवली. जेवायला थांबता येणार नाही, म्हणाला. यावर नानाय जवळजवळ कोसळल्याच. एवढी कोंबडी, एवढं पान्सित, आणि माणूस तोंड खरकटं न करता जाणार? त्यांनी भराभर कागदी ताट भरलं, फॉइलमध्ये गुंडाळलं आणि त्याच्या मागे निघाल्या.

मनांगने त्यांचा दंड धरला. “नको, नानाय.”

“नुसता भात आहे गं. भाताने काय होतं?”

“तो पाहुणा नाही.”

“रिकाम्या हाताने चाललाय! लोक काय म्हणतील?”

सगळं पार्क इलोइलो, बाकोलोद, दावाओच्या, म्हणजे मायदेशातल्याच लोकांचं होतं. प्रत्येक चटईवरून लोक खरोखरच बघत होते. न जेवता बारशातून निघालेला एक माणूस, दोन रंगांचे मोजे घातलेला, गवतातून ताठ मानेने बस थांब्याकडे चालला होता. कुणीतरी हाक मारून त्याला आपल्या चटईवर बोलावलं. त्याने हात जोडले आणि चालत राहिला.

नानाय ताट धरून उभ्याच होत्या. मग त्यांनी एडितला खांद्याला दाबून खाली बसवलं, चटईवर, सगळ्यांच्या मधोमध. फॉइल उघडलं. कोंबडीचा मऊ भाग स्वतःच्या बोटांनी सोडवून ताटाच्या कडेला ठेवला.

“खा. बसून.”

एडित खायला लागली. नानायनी शेजारी बसून रिकाम्या फॉइलची घडी घातली.

“शनिवारी किती वाजता असतं तुमचं?”

“का?”

“काही नाही,” नानाय म्हणाल्या. “तेवढा वेळ गिंगगिंगला मी बाजारात घेऊन जाते.”